नळीचा खवला : प्रस्तावना

या पुस्तकाचा विषय रोज हजारोंनी गटारात जातो. मासळी बाजारात रोहू तोलून झाला की विक्रेता शेपटीकडून डोक्याकडे सुरी ओढतो. खवले भुरुभुरु उडतात, कुणाच्या बाहीला चिकटतात, कुणाच्या चपलेला, आणि उरलेले पाण्याच्या एका फटकाऱ्यासरशी दिसेनासे होतात. एका रोहूच्या अंगावरचे साधारण ऐंशी ते अठ्ठ्याऐंशी खवले, म्हणजे दोन्ही कुशींवरचे चाळीस ते चव्वेचाळीस धरून, बाकीच्यांसारखे नसतात. त्यांच्या पाठीवर एक बारीक हाडाची नळी असते. हे पुस्तक त्या नळीच्या खवल्यांविषयी आहे.

मासा ओट्यावर आडवा टाकला की कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक तुटक रेघ दिसते. लांबून पाहिली तर कुणी धावदोरा घातल्यासारखी. पाठ्यपुस्तकात तिला पार्श्वरेषा म्हणतात. बी.एस्सी.च्या आकृतीत तिला बाण काढून नाव द्यायचं, अर्धा गुण पदरात पाडून घ्यायचा, की विषय संपला. मी पुढे बरीच वर्षं तीच आकृती फळ्यावर काढून शिकवली, आणि माझ्यासाठीही तो विषय तिथेच संपलेला होता. एका रविवारी घरी आणलेला रोहू साफ करताना खवला हातात आला आणि उजेडात धरला गेला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती रेघ काढलेली नाही, बांधलेली आहे.

वाचकाने पुढची पानं उलटण्याआधी हे एकदा स्वतः करून पाहावं. रेघेवरचा एक खवला चिमट्यात धरून शेपटीच्या दिशेने ओढायचा. खवल्याचा पुढचा भाग कातडीच्या खिशात रुतलेला असतो, त्यामुळे या दिशेने तो न फाटता निघतो. कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने वरचा चिकटा आणि कातडीचा पापुद्रा घासून काढायचा आणि खिडकीशी जायचं. साध्या खवल्यावर असतात तशी एकात एक वर्तुळं इथेही दिसतील. पण मधोमध, पुढून मागे, तांदळाच्या कणीसारखी एक उंचवटी जाते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर तिची दोन्ही तोंडं दिसतात. मोठ्या रोहूचा खवला असेल तर डोक्याचा केस तिच्यातून आरपार जातो. एका तोंडाशी शाईचा थेंब टेकवला तर शाई आपणहून आत ओढली जाते आणि नळी काळी होऊन ठसठशीत दिसते. हे झालं की खवला उलटा करायचा. नळीच्या बरोबर खाली, तळाच्या पत्र्यात, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं.

त्या भोकाने मला या विषयात ओढलं. खवला म्हणजे चिलखत, आणि चिलखताला कुणी मधोमध भोक पाडून ठेवत नाही. इथे ते पाडलेलं आहे, कारण त्यातून एक मज्जातंतू वर येतो आणि नळीच्या तळाशी बसलेल्या एका इवल्या ज्ञानेंद्रियाला मिळतो. म्हणजे हातातली वस्तू तीन पदरी आहे: खाली पत्रा, वर नळी, नळीत इंद्रिय. माझं या पुस्तकातलं म्हणणं एवढंच आहे की हे तीन पदर एकाच हाताने विणलेले नाहीत. ते निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या पेशींपासून येतात, एका जागी भेटतात, आणि एखाद्या जातीत त्यांची ताटातूटही होते.

शब्दांविषयी थोडं. मराठी पाठ्यपुस्तकांना ‘शल्क’ प्रिय आहे. मी ‘खवला’च ठेवला, कारण ज्यांच्या हातून रोज लाखो खवले निघतात त्यांपैकी कुणीही शल्क म्हणत नाही, आणि खवला म्हटल्याने शास्त्राचं काही अडत नाही. ‘पार्श्वरेषा’ ठेवली, पण लिहिण्याच्या ओघात ती पुष्कळदा नुसती ‘रेघ’ झाली आहे. रेघेवरच्या खवल्याला मी ‘नळीचा खवला’ म्हणतो. हा शब्द माझा, कुठल्याही परिभाषा कोशात तो शोधू नये. नळीतल्या इंद्रियाला मात्र जगभर न्यूरोमास्ट म्हणतात, तो शब्द तसाच घेतला. त्याला संस्कृत झूल चढवण्याचे एक-दोन प्रयत्न मी केले होते. ते विद्यार्थ्यांनी हसून पाडले, आणि बरोबर पाडले.

शास्त्राने या खवल्यांकडे पाहिलं ते आधी मोजण्यासाठी. फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. त्यात प्रत्येक माशाच्या नावाखाली एक सूत्र असतं: परांमधले काटे किती, किरणं किती, आणि शेवटाकडे ‘एल. एल.’ म्हणजे रेघेवरचे खवले किती. या मोजणीवर मत्स्यशास्त्रज्ञ एवढा भरवसा ठेवतात त्याचं कारण साधं आहे. पिल्लाच्या अंगावर खवल्यांची रांग एकदा पुरी झाली की पुढे खवला वाढतो, खवले वाढत नाहीत. बोटभर रोहूच्या रेघेवर जेवढे खवले तेवढेच दहा किलोच्या रोहूच्या. वजन, रंग, पोटाचा घेर हे सगळं ऋतूप्रमाणे बदलतं. हा आकडा बदलत नाही.

आपल्या भागातलं उदाहरण महाशीरचं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९च्या सुमारास दख्खनच्या माशांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला एक महाशीर आहे. त्याला त्यांनी ‘खुद्री’ म्हटलं. कोळ्यांच्या तोंडची नावं लॅटिनच्या शेपटीला बांधायची साइक्सना हौस होती. कोळस, बोगट, सांडखोल अशी कितीतरी मराठी नावं त्यामुळे आज जगभरच्या संग्रहालयांच्या बाटल्यांवर आहेत. नाकाशी खाच असलेला बिचारा ‘नकटा’ही ‘नुक्ता’ होऊन तिथे पोचला आहे. या खुद्री महाशीरच्या रेघेवर खवले असतात फक्त पंचवीस ते सत्तावीस. मासा रोहूपेक्षा लहान नाही, म्हणजे एकेक खवला केवढा असेल ते समजून घ्यावं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून या माशाची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडली. त्या पिल्लांच्या कुशीवरही हाच आकडा. महाडजवळ काळ नदीतल्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून राखलेले महाशीर खायला मिळेल या आशेने काठाशी येतात, तेव्हा उन्हात त्यांची रेघ वरूनसुद्धा मोजता येईल इतके खवले मोठे दिसतात. उलट ट्राउट घेतला तर त्याच्या रेघेवर शंभराच्या वर.

मोजणी सोपी वाटते, तशी ती नाही. सुरुवात करायची खांद्याच्या हाडाला टेकलेल्या खवल्यापासून आणि थांबायचं शेपटीच्या मुळाशी. मूळ कुठे ते शेपूट बाजूला वाकवून पडणाऱ्या घडीवरून ठरतं. कार्ल हब्ज आणि कार्ल लॅग्लर यांनी १९४७ साली अमेरिकेच्या महासरोवरांच्या माशांवर लिहिताना हे नियम नीट घालून दिले आणि आजही तेच चालतात. विद्यार्थी असताना मला ते ठाऊक नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षेत मी शेपटीच्या परावर चढलेले तीन खवलेही मोजले, आकडा फुगला, आणि त्या आकड्याला जुळणारी भलतीच जात, जाती ओळखण्याच्या किल्लीतून शोधून आत्मविश्वासाने लिहून दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माशाची शेपूट वाकवून माझ्यासमोर धरली आणि एक शब्दही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. त्या घडीची आठवण अजून आहे.

सगळ्या माशांची रेघ रोहूसारखी सरळसोट नसते, आणि ती कशी वळते हे पाहायला मासळी बाजारासारखी जागा नाही. सुरमई घ्या. अंगावर उभे पट्टे असलेल्या मोठ्या सुरमईची रेघ पाठीशी समांतर जाते आणि दुसरा पाठपर संपतो तिथे एकदम पायरी उतरल्यासारखी खाली घसरते. ठिपक्यांच्या सुरमईची हळूहळू उतरते आणि पुढच्या भागात तिला वर-खाली बारीक फांद्या फुटलेल्या असतात. तुकड्या पाडल्यावर हे कुणाला कळणार, पण अख्खा मासा समोर असेल तर रेघेवरून जात सांगता येते. काटबांगडा हातात धरताना बोट कापतं ते शेपटीकडच्या धारदार पत्र्यांनी. ते पत्रे म्हणजे रेघेवरचेच खवले, जाड आणि टोकदार होऊन बसलेले. एका बाजूला ते ५१ ते ५९ असतात. घोळ आणि ढोमी यांची रेघ शेपटीच्या मुळाशी थांबतच नाही, थेट परावर चढून त्याच्या कडेपर्यंत जाते. सगळ्या ढोमी कुळाची ही खूण आहे. लेप्याच्या काही जातींत डोळ्यांच्या बाजूला दोन-दोन रेघा. आणि चिलापीची रेघ तर मध्येच तुटते: पुढचा तुकडा पाठीच्या बाजूने जातो आणि संपतो, मग काही ओळी खाली उतरून दुसरा तुकडा सुरू होतो आणि शेपटीपर्यंत पोचतो. चिलापी आपल्याकडची नव्हे, आफ्रिकेतून आणलेली. पण सिक्लिड कुळातली ही मोडकी रेघ पाहायला आता कुठल्याही धरणाच्या काठी जावं.

ही नळी कशासाठी, याचं उत्तर सापडायला दोनेकशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो काळ चुकीच्या उत्तरात गेला. डेन्मार्कचे निकोलस स्टेनो यांनी १६६४ साली माशांच्या कातडीतल्या या छिद्रांची नोंद केली. माशाचं अंग बुळबुळीत, कातडीत छिद्रं, छिद्रांखाली नळ्या. मग नळ्या चिकट्याच्याच असणार असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं असतं. १८५० साली फ्रान्झ लायडिग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या नळ्यांत मज्जातंतूंना जोडलेले पेशींचे पुंजके पाहिले आणि ही ज्ञानेंद्रियं आहेत असं मांडलं. गंमत म्हणजे त्या निबंधाच्या मथळ्यातही अस्थिमत्स्यांच्या ‘चिकट्याच्या नळ्या’ असाच शब्द आहे. कल्पना मोडली तरी तिचं नाव आणखी काही वर्षं दारावर राहिलं.

इंद्रिय खरं, पण कशाचं? कुणी म्हटलं ऐकण्याचं, कुणी म्हटलं तोल सांभाळण्याचं. जर्मनीत ब्रूनो होफर यांनी १९०८ साली पाइक माशावर प्रयोग केले. दृष्टी गेलेल्या पाइकलाही पाण्याचा अगदी क्षीण प्रवाह कळत होता, आणि पार्श्वरेषा निकामी केल्यावर तो कळेनासा झाला. पुढे १९३०च्या दशकात स्वेन डाइकग्राफ यांनी या संवेदनेला जर्मनमध्ये जो शब्द दिला त्याचं मराठी ‘दूरस्पर्श’ असं सहज होतं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. मासा जवळून जाणाऱ्या दुसऱ्या माशाला न शिवता शिवतो. पाण्याने ढकललेलं पाणी त्याच्या कुशीपर्यंत येतं. हा स्पर्श फार लांबचा नसतो, स्वतःच्या अंगाच्या एक-दोन लांबींइतक्या अंतरापर्यंतच तो चांगला पोचतो. पण थव्यात शेजाऱ्याशी टक्कर न होऊ द्यायला तेवढं अंतर पुरतं.

न्यूरोमास्टची रचना पुस्तकात दोन प्रकरणांत विस्ताराने आहे, इथे हात आखडता घेतो. काही डझन केशपेशी, त्यांच्यावर चिकाच्या वडीसारखी लिबलिबीत टोपी, आणि टोपी हलली की पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात. निम्म्या पेशी डोक्याकडे वाकलं की चेततात, निम्म्या शेपटीकडे वाकलं की. आपल्या कानाच्या शंखातल्या केशपेशी याच घराण्यातल्या आहेत. मासा हे न्यूरोमास्ट दोन ठिकाणी ठेवतो: काही कातडीवर उघडे, काही नळीत बंद. उघड्यांना प्रवाहाचा वेग कळतो. नळीतल्यांना दोन शेजारच्या छिद्रांमधल्या दाबाचा फरक कळतो, म्हणजे पाणी एकाएकी वेग घेतं किंवा अडतं ते. ओढ्याच्या एकसारख्या खळखळाटात उघडी इंद्रियं बुचकळ्यात पडतात, तर नळीतली मात्र त्यातूनही जवळच्या हालचालीचा माग काढू शकतात. बॉनच्या संशोधकांनी गोल्डफिश आणि ट्राउटवर प्रयोग करून हे २००० साली दाखवलं. तेव्हा नळी ही नुसती संरक्षक भिंत नाही. ती आवाजातून बोलणं वेगळं काढणारी गाळणी आहे.

आता या प्रस्तावनेचा गाभा: हे सगळं एका खवल्यावर जमतं कसं.

गोष्ट कानामागून सुरू होते. गर्भाच्या कानामागे कातडीचा एक भाग जाडसर होतो, आणि त्यातून पेशींचा एक पुंजका सुटून शेपटीच्या दिशेने चालू लागतो. चालू लागतो हे अलंकारिक नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी गडद रंगाच्या बेडकाच्या भ्रूणाचं डोकं फिक्या रंगाच्या दुसऱ्या जातीच्या भ्रूणाच्या धडाला जोडलं. बेडूकमाशांनाही पार्श्वरेषा असते. काही काळाने फिक्या धडावरून गडद पेशींची एक रेघ डोक्याकडून शेपटीकडे सरकताना दिसू लागली. पार्श्वरेषा धडात जन्मत नाही, ती डोक्यातून प्रवास करून येते, याचा याहून उघडा पुरावा मागायची गरज नव्हती.

आज तो प्रवास झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लात तासन्‌तास पाहता येतो. हा आपलाच मासा, गंगेच्या खोऱ्यातला, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी वर्णन केलेला. अंडं फळल्यानंतर साधारण बावीस तासांनी शंभरेक पेशींचा पुंजका निघतो आणि दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस शेपटीच्या टोकाशी पोचतो. वाटेत तो दर काही अंतरावर पेशींचा एक-एक ठिपका मागे टाकत जातो. पाच-सहा ठिपके वाटेत, दोन-तीन शेवटी. त्या प्रत्येकातून एक न्यूरोमास्ट घडतो. वाट आधीच आखलेली असते: शरीराच्या मध्यरेषेवरच्या पेशी एक रासायनिक खूण पाझरतात आणि पुंजक्याच्या अंगावरची ग्राहकं ती ओळखतात. मज्जातंतू या पुंजक्याचं बोट धरून मागोमाग ओढला जातो. यातली थट्टा अशी की पार्श्वरेषेच्या अभ्यासाचा हा लाडका मासा मोठा झाला तरी त्याच्या कुशीवर नळीच्या खवल्यांची सलग रांग नसते. प्रवास याच्याकडून शिकायचा आणि बांधकाम बरंचसं दुसऱ्यांकडून, असं आम्हाला करावं लागतं.

आणि लक्षात घ्या, या सगळ्या वेळात खवला कुठेच नाही. झेब्राफिशचे खवले उगवायला साधारण महिना लागतो. तेव्हा कातडीच्या खालच्या थरात, आधी शेपटीच्या देठाजवळ, बारीक हाडाळ चकत्या दिसू लागतात आणि तिथून त्या रांगारांगांनी अंगभर पसरतात. न्यूरोमास्ट वरच्या कातडीतला, खवला खालच्या कातडीतला. एक डोक्यातून आलेला पाहुणा, दुसरा त्याच जागी उगवलेला. पाहुणा आधी येऊन बसलेला आहे आणि घर नंतर त्याच्याभोवती उभं राहतं.

घर कसं उभं राहतं ते मला शेतातल्या पाटासारखं वाटतं. न्यूरोमास्ट किंचित खोलगटात जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना खवल्याच्या पत्र्यावर हाडाचे दोन बांध चढतात. इथपर्यंत तो उघडा पाटच असतो, वरून पाणी लागतं. मग दोन्ही काठांची कातडी मध्ये येऊन जुळते आणि पाटावर मऊ छप्पर पडतं. शेवटी बांध वरून वाकून एकमेकांना मिळतात, छप्पर हाडाचं होतं आणि पाटाची मोरी होते. दोन्ही तोंडं उघडी राहतात. एका खवल्याची मोरी पुढच्याच्या मोरीला कातडीने जोडली जाते आणि सांध्यांशी बाहेर उघडणारी छिद्रं राहतात. अशी चाळीस-बेचाळीस तुकड्यांची एक नळी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत तयार होते. अमेरिकेतल्या जॅकलिन वेब यांनी सिक्लिड आणि इतर माशांत ही अवस्थांची साखळी फार चिकाटीने लावली. पुढच्या प्रकरणांतल्या पुष्कळ आकृत्या तीच साखळी डोळ्यांसमोर ठेवून काढल्या आहेत.

एक अडचण राहते. मासा वाढतो, खवला वाढतो, तर हाडाची बंद मोरी रुंद कशी होणार? घराची भिंत बाहेर सरकवायची तर आतून फोडावी लागते. जपानच्या हिरोनोरी वाडा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली झेब्राफिशमध्ये नेमकं हेच दाखवलं: हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी दोन्ही या नळ्यांच्या कामाला असतात. एका बाजूला कोरायचं, दुसऱ्या बाजूला लिंपायचं. तुम्ही केस घालून पाहिलेली ती नळी एकदा बांधून सोडून दिलेली नव्हती. माशाच्या आयुष्यभर तिची डागडुजी चाललेली होती.

हे सगळं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की न्यूरोमास्ट हाडाला हाक मारतो आणि हाड त्याच्याभोवती जमतं. मलाही असंच वाटायचं, आणि बराचसा पुरावा त्याच बाजूचा आहे. शिंगाळ्याचं उदाहरण पाहा. त्याच्या अंगावर खवला नावाला नाही. तरी कातडी जपून सोलली तर कुशीच्या रेघेवर हाडाच्या बारीक नळकांड्या ओळीने मिळतात. पत्रा गेला, मोरी राहिली. चिलखत उतरवलेल्या सैनिकाने छातीवरचा एक खिसा तेवढा ठेवावा तसं. खवल्याविना नळी होऊ शकते, तर नळी ही खवल्याची शोभा नव्हे, इंद्रियाची गरज आहे, असं यातून वाटतं.

तारली याच्या उलट. अंगभर खवले, आणि ते इतके सैल की धुताना हाताला येतात, पण त्यातल्या एकावरही नळी नाही. तारली, पाला, मांदेली या सगळ्यांची धडावरची नळी गेलेली आहे. उत्साही विद्यार्थी पाल्याची कूस भिंगाखाली धरून रेघ शोधत बसतात आणि आपल्यालाच दिसत नाही म्हणून खजील होतात, तेव्हा मी त्यांना थोडा वेळ शोधू देतो. या माशांची डोक्यातली नळ्यांची व्यवस्था मात्र दाट आहे, आणि कवटीच्या बाजूला तिची अशी एक जागा आहे जिथे ती एका पातळ पडद्यापलीकडे थेट आंतरकर्णाशी भिडते. धडावरचं दुकान बंद करून माल डोक्यात हलवला, असं म्हणायचा मोह होतो. उत्क्रांतीच्या बाबतीत असे मोह आवरलेले बरे.

इथवर हिशोब जमतो: नळी असेल तिथे आत न्यूरोमास्ट, न्यूरोमास्टविना नळी नाही. हा हिशोब एका माशाने विस्कटला आणि त्याच्यामुळेच हे पुस्तक लेखापुरतं न राहता पुस्तकाएवढं झालं. उत्तर पॅसिफिकच्या थंड, खडकाळ किनाऱ्यांवर हेक्साग्रॅमोस नावाचे मासे आहेत. त्यांच्या बहुतेक जातींत प्रत्येक कुशीवर एक नाही, पाच रेघा असतात. नळीच्या खवल्यांच्या पाच रांगा, पाच मोऱ्या, सगळ्यांना छिद्रं. १९९७ साली वॉन्सेट्लर आणि वेब यांनी या वंशाच्या दोन जातींच्या नळ्या उघडून पाहिल्या, तेव्हा न्यूरोमास्ट फक्त एकाच नळीत सापडले, तिसऱ्या. बाकीच्या नळ्यांत इंद्रिय नाही. तीच भिंत, तसंच छप्पर, आणि आत राहायला कुणी नाही.

म्हणजे मोरी बांधण्याची कला खवल्याला न्यूरोमास्टविनाही येते. निदान एका घराण्यात येते. मग रोहूच्या खवल्यात ती कुणाच्या सांगण्यावरून वापरली जाते? ज्या पेशी बांध चढवतात त्या शेजारच्या न्यूरोमास्टचा निरोप ऐकतात, की खवल्याच्या जागेवरूनच त्यांना काय करायचं ते ठरलेलं असतं, आणि न्यूरोमास्ट तिथे असणं हा दोन जुन्या वाटांचा संगम आहे? पुढची प्रकरणं या प्रश्नाभोवती फिरतात. पत्र्याचं प्रकरण, नळीचं प्रकरण, इंद्रियाचं प्रकरण असे तीन वेगळे भाग पाडले ते या माशामुळेच. आधीच्या खर्ड्यात तिन्ही एकत्र होते आणि तो खर्डा वाचायला जास्त सोपा होता हेही कबूल करतो.

वाचकाकडे एक भिंग, एक चिमटा आणि बाजारात जायची तयारी असावी, एवढीच अपेक्षा. या कामासाठी मुद्दाम मासा मारायची गरज नाही. खवले मागितले तर कुणीही देतं, फक्त कशाला हवेत ते विचारतं. “मास्तर, याची पण भाजी करता काय?” असं हर्णैला एका मावशींनी मला विचारलं होतं. त्यांना नळीतून केस घालून दाखवला. त्यांनी खवला बोटांत उलटापालटा केला, खालचं भोक पाहिलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची सुरमई कापता कापता तिच्या पायरीवरून बोट फिरवून म्हणाल्या, “म्हणजे ही आतून पोकळ?”

माझ्या टेबलाच्या खणात खवल्यांची पाकिटं आहेत. रोहू, महाशीर, मरळ, ढोमी, काटबांगडा, चिलापीच्या दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे. तारलीचंही एक आहे, त्यात नळी नसलेले खवले. शेवटच्या पाकिटावर हेक्साग्रॅमोस असं लिहिलेलं आहे. ते अजून रिकामं आहे.